हिंवाळ्यांतील कोंबड्यांची निगा : ऊब हवी, ओल नको

धान कापून, बांधून आणि चुरून झालें, पोतीं घरांत येऊन पडलीं, म्हणजे आमच्या भागांतील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. परसांतल्या कोंबड्यांचीहि हीच सुगी. रिकाम्या बांध्यांत सांडलेले दाणे आणि किडे वेचीत त्या दिवसभर हिंडतात, अंगानें भरतात, आणि थंडीमुळें अंड्यांस मागणीहि वाढते. परंतु वर्षभर जपलेला कळप चार-सहा रात्रींत निम्मा होण्याचे दिवसहि हेच. पौषांत मेलेली तलंग केवळ एक कोंबडी म्हणून मोजून चालत नाहीं. पुढें तिनें घातलीं असतीं तीं अंडीं आणि तिच्याखालीं निघालीं असतीं तीं पिलें, हींहि तिच्याबरोबर गेलीं असें समजावें. हा हिशेब बहुधा घरच्या बाईच्या हातांत असतो आणि मीठ-मिरचीचा व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांतून निघतो, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या विषयाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

गोंदिया शहरास लागून असलेलें आमचें फुलचूर हें गांव विदर्भांतील अधिक थंडीच्या पट्ट्यांत मोडतें. डिसेंबर-जानेवारींत येथील किमान तपमान वारंवार १० अंश सेल्सिअसच्या खालीं उतरतें, आणि दुपारीं तोच पारा २५ अंशांच्या आसपास चढतो. भोंवतालीं तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या; त्यामुळें पहाटे दंव व धुकें पुष्कळ. म्हणजे आमची थंडी नुसती थंडी नव्हे, ती ओली थंडी आहे. या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळें आमच्या हातून जी चूक झाली, ती प्रथम सांगतों. कारण तीच चूक आम्हांस अनेक घरीं दिसते.

दोन वर्षांपूर्वीं थंडीची लाट आली, तेव्हां आम्हीं मायेपोटीं खुराड्यास चहूं बाजूंनीं प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला. कोठें फट म्हणून राहूं दिली नाहीं. चौथ्या दिवशीं पहाटे दार उघडलें, तों आंतून तिखट वाफ अंगावर आली व डोळ्यांस पाणी सुटलें. प्लास्टिकच्या आंतल्या अंगास पाण्याचे ओघळ लागले होते, खालचें तूस हातास चिकटत होतें, आणि दोन कोंबड्यांच्या घशांत घरघर ऐकूं येत होती. आठवड्याच्या आंत तीन कोंबड्या दगावल्या. शेजारच्या घरीं मात्र कोंबड्या कमरेइतक्या भिंतीच्या उघड्या पडवींत बसत. त्या ठणठणीत होत्या. थंडी दोन्ही घरीं सारखीच होती. तेव्हां थंडीनें मारलें असें म्हणावें, तर शेजारच्या कोंबड्या आधीं मरावयास हव्या होत्या.

ओल येते कोठून?

कोंबडीच्या अंगाचें तपमान सुमारें ४१ अंश, म्हणजे माणसाहून चार अंश अधिक असतें. ती पिसें फुलवून बसते, तेव्हां पिसांच्या मध्यें हवेचा एक थर सांठतो व तोच तिची गोधडी होतो. वाढलेली, पोट भरलेली आणि कोरडी कोंबडी आमच्याकडील ८-१० अंशांची रात्र विनासायास काढते. तुरा गोठून काळा पडणें वगैरे जें वर्णन युरोप-अमेरिकेंतील पुस्तकांत येतें, तें बर्फाच्या प्रदेशाचें आहे. तेथील बंदिस्त व तापविलेल्या खुराड्यांची नक्कल करण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु पिसें ओलीं झालीं कीं हवेचा तो थर मोडतो आणि गोधडी असून नसल्यासारखी होते.

आतां खुराड्यांतील ओलीचा हिशेब पाहूं. वीस गांवठी कोंबड्या दिवसाकाठीं तीन-चार लिटर पाणी सहज पितात. अंड्यांत जातें तेवढें सोडून बाकीचें बहुतेक पाणी विष्ठेंतून व श्वासांतून बाहेर पडतें, आणि त्यांतील मोठा भाग रात्रीं खुराड्यांतच राहतो. ही वाफ बाहेर जाण्यास वाट नसली, तर थंड छपरास लागून तिचें पाणी होतें व तें पुन्हां कोंबड्यांच्या अंगावर टपकतें. ओल्या विष्ठेंतून अमोनिया नांवाचा तिखट वायु निघतो. त्यानें डोळे चुरचुरतात व श्वासनलिकेचें आंतील नाजूक अस्तर बिघडतें. त्या बिघडलेल्या वाटेनें सर्दीचे, खोकल्याचे आणि तोंड सुजण्याचे रोग आंत शिरतात. रोगाचे जंतु हें निमित्त. त्यांस दार उघडून देते ती कोंडलेली ओल.

वारा खालीं अडवावा, वाफ वर सोडावी

यावर उपाय सोपा आहे. कोंबडी जेथें बसते त्या उंचीवर वाऱ्याचा झोत येऊं नये, आणि तिच्या डोक्यावरून मात्र वाफ सतत बाहेर जावी. त्यासाठीं खुराडें लांबीनें पूर्व-पश्चिम असावें. आमच्याकडे हिंवाळ्यांतील बोचरा वारा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो. म्हणून ती बाजू तरटानें, तट्ट्यानें अथवा जुन्या पोत्यांनीं खालून वरपर्यंत झांकावी, परंतु छपराखालचा वीतभर पट्टा उघडाच ठेवावा. पडदा खालीं पक्का बांधून वरच्या अंगास सोडबांध करतां येईल असा लावावा, म्हणजे हवेप्रमाणें तो कमी-अधिक करतां येतो. प्लास्टिक वापरावयाचेंच, तर तें बाहेरून, फक्त वाऱ्याच्या बाजूस व वरील पट्टा सोडून वापरावें.

दक्षिणेची बाजू जाळीची असावी. डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीं सूर्य आमच्याकडे दक्षिणेस सुमारें ४५ अंशांवरच असतो. त्यामुळें जाळी जितकी उंच, जवळजवळ तितकेंच आंत ऊन पोंचतें. चार फूट उंचीची जाळी असल्यास चार फूट जमीन वाळते, आणि असें वाळवण फुकट मिळत असतां त्यावर आडोसा उभारणें शहाणपणाचें नव्हे. रात्रीं त्या बाजूस तरट सोडावें व सकाळीं ऊन पडतांच तें गुंडाळून टाकावें.

बसण्यासाठीं जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर आडवे दांडे बांधावे. दांडा गोल व बारीक नसून दोन बोटें रुंद, चपटा व कडा घासलेला असावा. अशा दांड्यावर कोंबडी बसली, म्हणजे पायाचीं बोटें पोटाच्या पिसांखालीं झांकलीं जातात. प्रत्येक कोंबडीस वीतभर जागा पुरते. त्याहून फार अधिक ठेवल्यास त्या एकमेकींस चिकटून बसत नाहींत व ऊब वांटली जात नाहीं. उघड्या मानेच्या जातीस पिसें कमी असल्यामुळें ती उन्हाळ्यांत चांगली, पण थंडींत जपण्यासारखी असते. तिला दांड्याच्या मधल्या भागांत जागा मिळेल असें पाहावें.

तुसाची गादी

गोंदियाच्या आसपास भातगिरण्यांची वाण नाहीं, त्यामुळें गादीसाठीं धानाचें तूस येथें सर्वांत स्वस्त व सर्वांत उत्तम. एरवीं दोन-तीन इंचांचा थर पुरतो. हिंवाळ्यांत तो चार इंच करावा. वीस कोंबड्यांस दर कोंबडीमागें दोन चौरस फूट धरले, तर चाळीस चौरस फुटांस सुमारें ४० किलो तूस लागेल. रोज सकाळीं दंताळ्यानें तें वरखालीं करावें, पाण्याच्या भांड्याजवळचा भिजलेला भाग उचलून तेथें नवें तूस टाकावें आणि आठ-पंधरा दिवसांनीं मूठ-दोन मूठ विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी.

गादीची परीक्षा मुठीनें होते. मूठभर तूस घेऊन आवळावें व मूठ उघडावी. तें हळूहळू सुटून पडलें तर गादी योग्य. लाडवासारखा गोळा राहिला तर ओल अधिक. आणि अगदीं धुळीसारखें उडालें तर फार कोरडें. फाल्गुनांत हीच गादी काढून खताच्या खड्ड्यांत टाकावी. तिचें खत भाजीपाल्यास उत्तम होतें.

तणसाविषयीं मात्र एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते. कापणीच्या वेळीं अवकाळी पाऊस झाला असेल, तर तणसावर काळी-हिरवी बुरशी धरते. अशी तणस गादीसाठीं किंवा अंडीं घालण्याच्या टोपल्यांत वापरूं नये. बुरशीची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन विशेषतः पिलें धापा टाकीत मरतात, आणि त्यावर खात्रीचें औषध नाहीं. त्याच पावसांत भिजून काळे पडलेले दाणेहि कोंबड्यांपुढें टाकूं नयेत. बुरशीचें विष यकृतास बाधतें. जें धान्य घरांत आपण शिजविणार नाहीं, तें कोंबडीस चालेल ही समजूत चुकीची आहे.

शेगडी आंत नेऊं नये

थंडी वाढली कीं कोळशाची किंवा गोवऱ्यांची पेटती शेगडी खुराड्यांत ठेवून दार लावण्याची कित्येकांस संवय आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो; त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि बंद जागेंत तो माणसासहि मारतो. शिवाय तूस पेटण्याचें भय आहेच. मोठ्या कोंबड्यांस बाहेरील उबेची गरज नसते. ऊब हवी ती पिलांस, आणि तिची व्यवस्था निराळी आहे.

पिलांची व्यवस्था

पिलांस अंगचीं पिसें येईपर्यंत स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. खुडूक कोंबडीखालीं अंडीं ठेवावयाचीं, तर हिंवाळ्यांत बारा-चौदांचा हव्यास न धरतां आठ-नऊच ठेवावीं. कारण कांठावरचीं अंडीं तिच्या पंखांबाहेर राहून गारठतात, आणि पुढें पिलेंहि तिच्याखालीं मावली पाहिजेत. अंडीं ठेवल्यापासून २१ दिवस मोजून पिलें निघण्याचा दिवस कडाक्याच्या थंडींत येणार नाहीं असें जमल्यास उत्तमच.

कोंबडीवांचून पिलें वाढवावयाचीं असल्यास पहिल्या आठवड्यांत पिलांच्या उंचीवर सुमारें ३५ अंश ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती तीन अंशांनीं कमी करावी. शंभर पिलांस हिंवाळ्यांत सुमारें २०० वॉट लागतात, म्हणजे ६० वॉटचे तीन-चार जुन्या पद्धतीचे दिवे. नवे एल. ई. डी. दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. दिव्यांभोंवतीं दीड फूट उंचीचें पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें गोल कडें करावें. तपमापक नसला तरी अडत नाहीं, पिलेंच तें सांगतात. दिव्याखालीं एकमेकांवर चढलीं तर ऊब कमी. कड्यास चिकटून चोंची वासून बसलीं तर अधिक. एका बाजूस गोळा झालीं तर दुसरीकडून झोत येतो. सर्वत्र विखुरून खात-पीत असलीं तर सर्व ठीक. रात्रीं वीज गेल्यास उपयोगी पडावें म्हणून गरम पाण्याच्या बुचबंद बाटल्या फडक्यांत गुंडाळून मधोमध ठेवण्याची तयारी असावी.

दाणा आणि पाणी

थंडींत कोंबडीचा बराचसा दाणा अंग ऊबदार राखण्यांत खर्च होतो, म्हणून संध्याकाळचा दाणा चुकवूं नये. दिवसभर हिंडून आलेल्या कोंबडीस निजण्यापूर्वीं ४०-५० ग्रॅम दाणा मिळाला, तर भरलेली पोतडी रात्रभर हळूहळू पचते व पचनाबरोबर ऊब निर्माण होते. वीस कोंबड्यांस म्हणजे रोज किलोभर दाणा झाला. त्यांत मका किंवा ज्वारी निम्मी व तांदळाची कणी निम्मी असावी. सकाळीं तांदळाच्या कोंड्यांत थोडी भुईमुगाची अगर सोयाबीनची पेंड कालवून द्यावी. केवळ दाण्यानें अंडीं वाढत नाहींत, त्यास पेंडींतील सत्त्व लागतें. कोंड्यांत तेल असल्यामुळें तो लौकर खवट होतो, म्हणून गिरणींतून ताजा व थोडा-थोडाच आणावा. जवसाची पेंड आमच्याकडे सहज मिळते व गुराढोरांस ती चांगली. कोंबड्यांस मात्र ती मानवत नाहीं. अंड्याच्या कवचासाठीं शिंपल्यांचा चुरा वेगळ्या खापरींत ठेवावा, आणि पालक-मेथीचा पाला रोज थोडा टाकावा.

गार पाणी कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी झालें कीं दाणा व अंडीं दोन्ही कमी होतात. कारण अंड्यांतील बहुतांश भाग पाणीच आहे. रात्रीचें पाणी सकाळीं ओतून कोमट पाणी भरावें. भांडें विटेवर, कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीस ठेवल्यास पाणी कमी सांडतें व गादी कोरडी राहते.

अंडीं थांबलीं म्हणून घाबरूं नये

पुष्कळांस वाटतें कीं थंडीमुळें कोंबड्या अंडीं घालावयाच्या थांबतात. खरें कारण बहुधा उजेडाचें असतें. भरपूर अंडीं घालण्यास दिवसाचा उजेड १४ तासांच्या वर लागतो, आणि डिसेंबरांत आमचा दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. त्यांतच पिसें झडून नवीं येण्याचा काळ असला, तर कोंबडीचें सर्व सत्त्व पिसांत जातें. अधिक अंडीं देणाऱ्या सुधारलेल्या जातींच्या कोंबड्या बाळगणाऱ्यानें पहाटे दिवा लावून उजेडाचे तास हळूहळू, आठवड्यास अर्धा तास याप्रमाणें वाढवावे. एकदां वाढविले कीं मध्येंच तोडूं नयेत. दहा-वीस गांवठी कोंबड्यांस या खटपटीची गरज नाहीं. त्यांस विश्रांति मिळूं द्यावी. माघ-फाल्गुनांत दिवस मोठा होतांच त्या आपण होऊन अंड्यांवर येतात.

थंडीच्या आधींचें काम

आतांपर्यंत सांगितलेली सर्व निगा करूनहि मानमोडी आली तर कळप राहत नाहीं. हाच राणीखेत रोग. कुमाऊंमधील राणीखेत गांवावरून त्यास हें नांव पडलें. हिरवट हगवण, मान पिळवटणें, पाय लुळे पडणें हीं त्याचीं लक्षणें. रोग जडल्यावर त्यावर औषध नाहीं, परंतु आधीं टोंचल्यास बचाव होतो. पिलांस पांचव्या ते सातव्या दिवशीं लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकपुडींत घालावा, चवथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हां द्यावा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस कातडीखालीं टोंचून घ्यावी. मोठ्या कोंबड्यांस पशुवैद्यांच्या सल्ल्यानें आश्विन-कार्तिकांतच टोंचावें, कारण लशीचें बळ अंगीं येण्यास दोन आठवडे लागतात. त्यापूर्वीं आठवडाभर जंताचें औषध द्यावें. लशीची एक कुपी बहुधा शंभर कोंबड्यांची असते, बर्फांतच न्यावी लागते आणि विरघळविल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. तेव्हां आळींतील चार-पांच घरांनीं मिळून एकाच सकाळीं टोंचून घेणें हाच योग्य मार्ग. एकाच घरानें टोंचून शेजार तसाच राहिला, तर रोग गांवांतून हटत नाहीं.

आठवडी बाजारांतून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. हिंवाळ्यांत आमच्या तलावांवर दूरदेशचे पाणपक्षी उतरतात. पाणपक्ष्यांकडून पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू शिरण्याचा संभव असतो. महाराष्ट्रांत फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें व जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें तो आढळला होता; दोन्ही वेळां महिने थंडीचे होते. म्हणून कोंबड्या व बदकें तलावाच्या कांठीं सोडूं नयेत. एकाएकीं अनेक कोंबड्या मेल्या तर त्या कापूं नयेत, तलावांत किंवा उकिरड्यावर फेंकूं नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें.

पहाटेची परीक्षा

शेवटीं, रोज पहाटे दार उघडतांना करावयाची एक साधी तपासणी सांगतों. खुराड्यांत डोकें घालून क्षणभर उभें राहावें. नाकाडोळ्यांस तिखट लागतें काय? छपरास थेंब लटकले आहेत काय? तुसाचा गोळा होतो काय? कोणाच्या घशांत घरघर आहे काय? चारहि प्रश्नांचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर रात्र कितीहि गार गेली असली तरी कळप सुरक्षित आहे. एकाचेंहि उत्तर ‘होय’ आलें, तर त्याच दिवशीं वरचा पट्टा अधिक उघडावा व ओलें तूस काढावें, आणि घरघरणारी कोंबडी वेगळी करावी.

ज्या दिवशीं थंडी वाढते, त्या दिवशीं खुराड्यास आणखी एक पोतें लावण्याकडे आपला हात आपोआप जातो. तें पोतें अवश्य लावावें. पण खालीं, वाऱ्याच्या बाजूस. छपराखालची वीतभर जागा मात्र संक्रांत उलटून थंडी ओसरेपर्यंत कोणीहि बुजवूं नये, इतकेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे. तीन कोंबड्या गमावून आम्ही हें शिकलों. वाचकांस तें त्याहून स्वस्तांत मिळावें.